निळी, पांढरी आणि दोन लिटर फेस

रविवार, १८ जानेवारी १९९८, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. तुर्भ्याजवळच्या एका डिझेल पंपावर, हवा भरायच्या यंत्राला टेकून, माझे धाकटे दीर प्रभाकर यांनी चार माणसांच्या देखत जाहीर केलं, "वहिनी, हरलात. फिजिक्स फळ्यावरच ठीक असतं."

अन्याय तो हाच. बाकीचा मजकूर फक्त पुरावा आहे.

भाचीनं मला हा ब्लॉग उघडून दिला तेव्हा तिला वाटलं होतं मी इथे लोणच्याच्या कृती लिहीन. लोणचं मला येत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि ९७ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. वाशीहून साताऱ्याकडे कोरेगावपर्यंत जुन्या रस्त्यानं जाऊन येण्याचा हा दोन दिवसांचा प्रवास आहे. तुम्हीही जाऊ शकता, जरूर जा. फक्त सोबत दीर नेऊ नका.

जायचं ठरलं ते संपत जाधवांमुळे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. वीस वर्षं पाठीवर पोती वाहून त्या डिसेंबरात त्यांची पाठ धरली ती सुटेचना. डॉक्टरांनी सांगितलं, आता पोतं उचललंत तर पुढे चमचाही उचलता येणार नाही. गावाकडे भावाची आल्याची शेती होती. संपतनं ठरवलं, एक पिकअप घ्यायची आणि गावचं आलं स्वतःच मार्केटला आणायचं. बँक कर्ज द्यायला तयार होती. जी गाडी घ्यायची तिचं कोटेशन सोमवारी दुपारी बाराच्या आत नेऊन द्यायचं होतं. गाडी एकच घेता येणार होती, आणि ती चुकली तर घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. बायको रत्ना, दोन शाळकरी मुली आणि ती पाठ.

बाजारात तेव्हा दोन गाड्यांची चुरस होती. दोन्हींची कोटेशनं संपतनी आणून ठेवली होती. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. रंगांवरून ओळखू. पांढरीचं इंजिन जुन्या वळणाचं, साधं, टर्बो नसलेलं. चालू केलं की पत्र्याच्या डब्यात गोट्या खुळखुळाव्यात तसा आवाज. निळीचं इंजिन नवं, टर्बोवालं. ताकद जास्त, आवाज कमी, आणि वेग घेताना बारीक शिट्टी वाजायची. टर्बो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. एवढंच. प्रभाकरभाऊजी मात्र टर्बोबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, देवघरात बोलल्यासारखा.

त्यांचं तळोज्याला डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. अर्ध्या तळोज्याच्या ट्रकांची काळजं त्यांच्या टेबलावर उघडी पडलेली असायची. त्यांचं म्हणणं, निळीच घ्यावी. माझं म्हणणं, पांढरी. माझं कारण सरळ होतं. पांढरी कुठेही बंद पडली तरी कुठल्याही झाडाखालचा मिस्त्री ती उघडू शकतो. निळी उघडायला प्रभाकर लागतो, आणि प्रभाकर प्रत्येक घाटात उभा नसतो.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी हा वाद चालला. संपत बिचारे खुर्चीच्या टोकावर बसून एकदा माझ्याकडे, एकदा भाऊजींकडे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "वाद पुरे. प्रयोग करा. सारखा रस्ता, सारखं ओझं, एकाच वेळी."

"करू या," भाऊजी म्हणाले. "पण वही तुम्ही ठेवायची, वहिनी. म्हणजे नंतर रडायला नको."

हे वाक्य लक्षात ठेवा.

निळी मिळाली विक्रेत्याकडची दाखवायची गाडी, भाऊजींच्या ओळखीनं. ती तेच चालवणार होते. पांढरी होती इब्राहिमभाईंची. ते तळोजे गावचे, पिढ्यानपिढ्या तिथलेच. गाडीतून बर्फ आणि मासळी न्यायचे, त्यामुळे पांढरीत बसलं की समुद्रकिनाऱ्यावर आल्यासारखं वाटे. आत अगरबत्ती लावून त्यांनी वास घालवायचा प्रयत्न केला होता. मग दोन्ही वास आले.

शनिवारी सकाळी साडेपाचला तुर्भ्याच्या त्या पंपावर दोन्ही टाक्या भरल्या. रीत अशी, की निघताना टाकी फुल्ल करायची, परत आल्यावर पुन्हा फुल्ल करायची, आणि दुसऱ्यांदा जेवढं डिझेल बसेल तेवढं प्रवासात जळलं असं धरायचं. त्यावरून ॲव्हरेज. दोन्ही गाड्यांचं किलोमीटर मीटर मी स्वतः वाचलं, डोळा आकड्याच्या समोर आणून. पाचगणीला वसतिगृहाच्या शाळेत आम्हाला सिस्टर ॲग्नेस रसायनशास्त्र शिकवायच्या. नळीतलं पाणी तिरक्या डोळ्यानं वाचलं तर त्या बोटावर पट्टी मारत. अजून मी दुधाचं मापसुद्धा वाकून बघते.

मीटर वाचलं, वही उघडली, लिहिलं: "दोन्ही टाक्या फुल्ल." खाली सही केली. टाक्यांमध्ये मात्र डोकावले नाही. पंपावरचा माणूस "फुल्ल हाय, बाय" म्हणाला, मी मान्य केलं. सिस्टर ॲग्नेस त्या क्षणी जिथे असतील तिथे त्यांचा हात पट्टीकडे गेला असेल.

जाताना रिकामं जायचं नव्हतं. इब्राहिमभाईंच्या नात्यातल्या एकाचं पनवेलच्या बाजूला मिठागर होतं. तिथून प्रत्येक गाडीत पन्नास किलोची वीस पोती मीठ भरलं. कोरेगावच्या दुकानदारांनी मागवलं होतं. वजन मीच पोतं-पोतं मोजून घेतलं. संपत पोत्यांकडे बघत उभे होते. हात आपोआप पुढे जायचे आणि मागे यायचे. वीस वर्षांची सवय.

जाताना मी निळीत, संपत पांढरीत. येताना अदलाबदल. म्हणजे दोघांनाही दोन्ही इंजिनं कळावीत. भाऊजी म्हणाले वजनाचा हिशेबही त्यानं सारखा होईल. माझ्या वजनावरून ते बोलले हे मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं.

आता रस्त्याबद्दल. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. खांदेश्वरच्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, त्यांना मागे टाकून पनवेल, मग जुना मुंबई-पुणे रस्ता. खोपोलीला मिसळ खाल्ली, आठ रुपये प्लेट, पाव मागाल तितके. तर्री इतकी की चमचा रंगतो. जाणार असाल तर जुन्याच रस्त्यानं जा. नव्या रस्त्यावर वेळ वाचतो, पण मिसळ चुकते.

खोपोलीनंतर बोर घाट. इथे मी खरं तेच लिहिणार आहे, कारण मी प्रभाकर नाही. निळी घाट सुरेख चढली. एक टन मीठ मागे, आणि ती तिसऱ्या गियरमध्ये शिट्टी वाजवत, भाजीला निघालेल्या बाईसारखी निघाली होती. आम्ही बोलत होतो ते एकमेकांना ऐकू येत होतं. मागे पांढरी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत, काळा धूर सोडत येत होती. आरशात तिचं तोंड दिसलं की ती मला माझा पक्ष घेऊन बसलेल्या गरीब नातेवाइकासारखी वाटायची.

"काय वहिनी?" भाऊजी म्हणाले.

"रस्त्याकडे बघा."

"बघतोच आहे. आरशात रस्ता बराच मोकळा दिसतोय."

लोणावळ्याला चहाला थांबलो. निळी उभी राहिली, पण भाऊजी उतरेनात. इंजिन चालू ठेवून बसले. टर्बोचा तो पंखा फार जोरात फिरलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं तर त्याला तेल मिळत नाही आणि तो जळतो. म्हणून घाट चढल्यावर दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं असतं. पांढरी मागून येऊन थांबली, इब्राहिमभाईंनी किल्ली फिरवली आणि ते उतरलेसुद्धा. आमचा चहा आला. भाऊजी आपले काचेआड घड्याळ बघत बसलेले.

"सर गारीतच पूजा घालतान काय?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

संपत हसले, पण लगेच गंभीर झाले. "आवो बाई, मार्केटात मागनं हमाल वरडत असत्यात, गाडी काढ, गाडी काढ. तितं दोन मिन्टं कोन देतंय?"

हे मी वहीत लिहिलं. भाऊजींनी बाहेर आल्यावर थंड चहा प्यायला आणि चहाच वाईट आहे असं सांगितलं.

पुण्याच्या गर्दीतून बाहेर पडायला दीड तास गेला. त्याबद्दल काही लिहीत नाही, पुण्यातले वाचक दुखावतात. कात्रजचा बोगदा, शिरवळला दोन रुपयांचा चहा, खंबाटकीचा घाट, सातारा मागे टाकून कोरेगावात मीठ उतरवलं, आणि तीनच्या सुमाराला संपतचं गाव. भावाच्या घरी जेवण तयार होतं. बाजरीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, आणि खर्डा. भाऊजींनी खर्डा शहरी मोजमापानं खाल्ला आणि पुढची दहा मिनिटं टर्बोबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या गावातला मला सर्वांत आवडलेला पदार्थ तोच.

जेवणानंतर संपतची म्हातारी आई दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारून आली. पांढरीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "ही लई बडबडती." मग निळीवर हात ठेवला. "ही काय बोलतच न्हाई. हिच्या मनातलं कसं कळायचं रं?"

भाऊजी म्हणाले, "आजी, गाडी आहे ती, सून नाही."

"तेच म्हंते. सुनंचं कळतंय."

रविवारी सकाळी सातला आल्याची पोती भरून निघालो. प्रत्येकी वीस. ओल्या मातीचा आणि आल्याचा वास सबंध रस्ताभर सोबत होता, आणि पांढरीत तर मासे, अगरबत्ती आणि आलं. आता मी पांढरीत, इब्राहिमभाईंच्या शेजारी. सुरूर फाट्याला डावीकडे वाईकडचा रस्ता फुटतो. त्याच रस्त्यानं मी दहा वर्षांची असताना ट्रंक घेऊन पाचगणीला गेले होते, रडत. फाटा मागे पडेपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. इब्राहिमभाईंनी काही न विचारता गाडी जरा हळू केली. असे ड्रायव्हर मिळत नाहीत.

खंबाटकीचा चढ लागला. निळी पुढे वळणाआड गेली. आम्ही दुसऱ्या गियरमध्ये, कडकडाट करत वर. आणि निम्म्या चढावर पांढरी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि गप्प झाली.

इब्राहिमभाईंनी हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकामागे दगड लावले. मला म्हणाले, "बाई, टेन्शन नका घेव. हवा धरली."

डिझेलच्या वाटेत कुठेतरी चीर किंवा ढिला नट असला की नळीत हवा शिरते. इंजिनाला डिझेलऐवजी बुडबुडे मिळतात आणि ते बंद पडतं. सगळ्या डिझेल गाड्यांचा हा रोग आहे, पण तो नेमका माझ्या पक्षाच्या गाडीला, नेमका घाटात, नेमका प्रयोगाच्या दिवशी झाला.

आम्ही मागे नाही हे बघून निळी वर थांबली होती. थोड्या वेळानं भाऊजी आणि संपत चालत खाली आले. भाऊजींच्या चेहऱ्यावर हळहळ होती, पण नीट बसलेली नव्हती.

"वहिनी, कुठल्या झाडाखालचा मिस्त्री बोलावू?" त्यांनी विचारलं. घाटात त्या वळणावर खरोखरच एक झाड होतं. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "इथे एक मिस्त्री आहे, पण तो बोलण्यात गुंतला आहे."

इब्राहिमभाईंनी फिल्टरचा ढिला नट घट्ट केला. मग वरचा एक स्क्रू थोडा सैल केला. आता कुणीतरी पंपाची छोटी दांडी हातानं वर-खाली करायची, म्हणजे डिझेल वर चढतं आणि हवा त्या स्क्रूतून बाहेर पडते. भाऊजी बाह्या सरसावून पुढे झाले. पण संपत म्हणाले, "साहेब, जरा मला करू द्या की."

"पाठ, संपतराव," मी म्हटलं.

"ह्याला पाठ कुटं लागतीय, बाई? दोन बोटांचं काम हाय."

त्यांनी दांडी धरली. खट्-खट्-खट्. स्क्रूतून आधी फेस आला, पांढरट, फसफसत.

"ह्यो फेस हाय, डिझेल न्हवं," इब्राहिमभाई म्हणाले. "फेसावर जाव नको. मारत ऱ्हा. चोख धार आली का बोल."

संपत दांडी मारत राहिले. फेस कमी झाला, बुडबुडे विरळ झाले, आणि मग स्वच्छ, मधासारख्या रंगाची धार आली. "आली!" ते ओरडले. इब्राहिमभाईंनी स्क्रू आवळला, संपतना म्हणाले, "आता तूच बैस, तूच किल्ली मार." दुसऱ्याच झटक्याला पांढरी खडखडायला लागली. संपत जाधव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, बोटांना डिझेल लागलेलं, आणि चेहरा असा की जणू त्यांनी एकट्यानं ट्रक उचलला होता.

"बारा मिनिटं गेली," भाऊजी म्हणाले. "लिहा वहीत."

लिहिली. मी लपवत नाही.

पुढचा रस्ता निमूट गेला. दुपारी लोणावळ्याला जेवलो, बोर घाट उतरलो, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी तुर्भ्याच्या त्याच पंपावर आलो. दोन्ही गाड्यांचे धावलेले आकडे सारखेच, प्रत्येकी पाचशे दहा किलोमीटर. आता शेवटचं माप.

पांढरी आधी लागली. पंपावर या वेळी दुसरा माणूस होता. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला. "बाई! माझी पोरगी तुमच्याकडं शिकली. नववी ब." मी अर्थातच तिला ओळखलं नाही, पण हो म्हटलं. त्यानं माझा मान राखायचा म्हणून पांढरीची टाकी अशी काही भरली की विचारू नका. डिझेल भरताना फेस येतो. फेस तोंडाशी आला की तो थांबायचा, गाडीला खांदा लावून हलवायचा, फेस बसला की पुन्हा भरायचा. तीन वेळा. "बाईंच्या गाडीत थेंब कमी नको." त्रेचाळीस लिटर बसलं.

मग निळी. मागे टेम्पोंची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. भाऊजी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं व्रत पुरं करून, तेवढ्यात पलीकडच्या बूथवरून घरी फोन करायला गेले होते. त्या माणसानं निळीत नळी घातली, फेस तोंडाशी आला, मागून कोणीतरी शिवी दिली, त्यानं नळी काढली. "फुल्ल!" चाळीस लिटर.

मी वहीत भागाकार केला. निळी पावणेतेरा. पांढरी बारालाही कमी. पाच चाळीसला भाऊजी परत आले, वही बघितली, आणि वर लिहिलेलं ते वाक्य बोलले.

संपतनी दोन्ही गाड्यांकडे बघून मान हलवली. रविवार असल्यामुळे मार्केट बंद होतं. आलं सोमवारी उतरायचं होतं. दोन्ही गाड्या भरलेल्या तशाच आमच्या सोसायटीसमोरच्या उतारावर शेजारी शेजारी लावल्या.

मी चिडले होते ते हरल्यामुळे नाही. बरं, हरल्यामुळेही. पण आकडा माझ्याच हातानं काढलेला होता आणि मन त्याला मानत नव्हतं, याचा जास्त त्रास होता. आकड्यापुढे मन चालवायचं नाही, हेच मी मुलांना बत्तीस वर्षं सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी साडेआठला इब्राहिमभाई आलं उतरवायला आले आणि खालूनच हाक मारली, "बाई, गारी गलते!"

खाली गेले. पांढरीच्या टाकीच्या झाकणातून डिझेल ठिपकत होतं. उतारावर कललेली, टाकी काठोकाठ, म्हणून. शेजारी निळी त्याच उतारावर, त्याच बाजूला कललेली, आणि तिच्याखाली जमीन कोरडी ठाक.

मी निळीचं झाकण उघडलं. झाडूची काडी आत घातली. काडी बरीच आत गेली तरी कोरडीच. दोन्ही टाक्या दहा मिनिटांच्या अंतरानं "फुल्ल" झालेल्या होत्या.

"इब्राहिमभाई," मी विचारलं, "परवा सकाळी निघताना तुमची टाकी कशी भरली?"

"कशी म्हंजे? फेस आला, बस बोल्लो. मीठ उचलायला उशीर होत होता."

"आणि निळीची?"

"सरांनी हलवून हलवून भरली. त्यांना सवय हाय ना ती."

म्हणजे बघा. निघताना निळी खरी भरलेली, परतताना फेसापर्यंत. पांढरी निघताना फेसापर्यंत, परतताना खरी भरलेली. फेसाखाली टाकी दोनेक लिटर रिकामी राहते. त्यामुळे निळीनं दोन लिटर कमी खाल्लं असं दिसलं आणि पांढरीनं दोन लिटर जास्त. दुरुस्त करून पाहा: निळीचे बेचाळीस, पांढरीचे एक्केचाळीस. पांढरी जिंकली होती. एका भल्या माणसानं माझा मान राखला म्हणून मी हरले होते.

वही घेऊन जाधवांच्या दारात गेले. रत्ना म्हणाली, "ते कवाच गेले, बाई. बँकेत. पाकीट घिऊन."

चप्पल बदलायला वेळ नव्हता. स्लिपरवरच रिक्षा पकडली, अकरा रुपये झाले, आणि बँकेत पोचले तर संपत बाकावर बसलेले, गुडघ्यावर तपकिरी पाकीट, नंबर यायचा होता. मी शेजारी बसले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. फेस, काठ, काडी, बेचाळीस, एक्केचाळीस. पेन्सिलनं पाकिटाच्या मागच्या बाजूवर टाकीचं चित्रही काढलं. समोरच्या दोन खातेदारांनीही लक्ष देऊन ऐकलं.

संपतनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाकीट उघडून कोटेशन माझ्या हातात दिलं.

पांढरीचं होतं.

"अहो, पण काल तर पांढरी हरली होती!" मी म्हटलं.

"हरली व्हती की. पर बाई, घाटात मी तिला माज्या हातानं चालू केली." त्यांनी दोन बोटं वर केली, तीच. "निळीला मला कुनी हात लावू द्यायचं न्हाई. तिला काय झालं की साहेबाला हुडकत फिरायचं. वीस वरीस मी दुसऱ्याची वज्जी व्हायली. आता गाडी घ्यायची, तर ती माजी पाहिजे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाले, "पर तुमचा हिसाब बी बरुबर निघाला, ते लई ब्येस झालं."

मी बरोबर होते. आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पचवायला मला थोडा वेळ लागला.

संपतची पांढरी अकरा वर्षं चालली. दर गुरुवारी आलं घेऊन यायची, खडखडाट कोपऱ्यापासून ऐकू यायचा आणि रत्ना चहा टाकायची. पुढे तिच्यावर मोठी मुलगी गाडी शिकली. आणि हेही लिहायला हवं: नवी गाडी आली त्या आठवड्यात प्रभाकरभाऊजी स्वतः येऊन तिचा डिझेल पंप काढून तळोज्याला घेऊन गेले, दोन दिवस टेबलावर लावून बसले, आणि आणून बसवला. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, "भिकार इंजिन आहे, पण आता निदान नीट भिकार चालेल." पुढची अकरा वर्षं दर पावसाळ्याआधी ते तेच करत आले आणि तेच बोलत आले.

फेसाचा मात्र त्यांनी आजतागायत स्वीकार केलेला नाही. मी इब्राहिमभाईंना घेऊन त्याच आठवड्यात तीन वेळा पंपावर प्रयोग केला. फेसापर्यंत भरा, हलवा, पुन्हा भरा. तिन्ही वेळा दोन लिटरच्या आसपास जास्त बसलं. भाऊजींचं उत्तर: "फेस दोन्हीकडे सारखाच, वहिनी." आणि दर दिवाळीत ते माझीच वही मागतात, "दोन्ही टाक्या फुल्ल" खालची माझी सही सगळ्यांना दाखवतात आणि करंजी खातात. लेखी उत्तर देतो असं मात्र तिसऱ्या प्रयोगाला आले तेव्हा त्यांनी पंपावरच कबूल केलं होतं. चार साक्षीदार होते.

आता दोन्ही गाड्या मोडीत गेल्या. खंबाटकीला बोगदा झाला. इब्राहिमभाई मुलाकडे राहतात. भाऊजींनी वर्कशॉप बंद केलं आणि ते खांदेश्वरला गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांची इंजिनं आवाजावरून ओळखतात. गेल्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा एका पिकअपचा आवाज ऐकून दोघंही एकदम म्हणालो, "नोझल गेलंय."

तेव्हा, प्रभाकरभाऊजी, ही जाहीर आणि शेवटची मागणी. १८ जानेवारी १९९८ रोजी संध्याकाळी पाच चाळीसला केलेलं विधान आपण मागे घ्यावं. उत्तर लेखी हवं, फोनवरचं चालणार नाही. हात थरथरतो ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. तुम्ही सांगा, मी लिहीन, सही तुमची. मुदत या महिन्याच्या तीस तारखेला दुपारी बारा वाजेपर्यंत, म्हणजे बँकेनं संपतना दिली होती तीच वेळ.

आणि उत्तर जरा चुकीचं लिहा. बरोबर लिहिलंत तर मी दिवाळीत तुमच्याशी काय बोलू?